उकंडकाकांची चिमूट

पुण्याच्या प्रयोगशाळेत तुमची प्रेरणा काय काम करते, असं आमच्या डोणगावात कोणी विचारलं की माझी आई बिनधास्त सांगते, "ते कॅन्सरले निकोटिन चारते." ऐकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं. पण आई चूक बोलत नाही. काचेच्या बशीत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांना निकोटिन द्यायचं, मग औषध द्यायचं आणि बघत बसायचं. निकोटिन मिळालेल्या पेशी औषधाला सहजासहजी दाद देत नाहीत. माझी उमेदीची वर्षं त्या हट्टी पेशींची मर्जी सांभाळण्यात गेली.

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या बाबांच्याच, पुंजाजींच्या फुप्फुसात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी दटावल्याबरोबर त्यांनी जन्माची बिडी सोडली. मला केवढा अभिमान वाटला! केमो सुरू झाली. दिवाळीला मी घरी आले, तर ओट्यावर बाबांच्या शेजारी उकंडकाका आणि काकांच्या तळहातावर तंबाखू.

उकंडकाका आमच्या मळ्याचे शेजारी. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या टोपल्या गाडीत चढल्या की दोघं मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकायचे. काका तंबाखूला चुना लावून मळायचे, वर थाप मारायचे, आणि त्या धुराळ्यानं मला हमखास शिंक यायची. मग पहिली चिमूट बाबांना, दुसरी स्वतःला. लोक शिंक आली की पाऊल मागे घेतात. आमची बैलगाडी माझ्या शिंकेवर निघायची. ते दिवस आठवले की अजून नाक हुळहुळतं.

एकदा पाण्याच्या पाळीवरून दोघांची जुंपली आणि बोलणं तुटलं. बऱ्याच दिवसांनी काका आले, काही न बोलता तळहात पुढे केला. बाबांनी चिमूट उचलली, भांडण मिटलं. आमच्याकडे माफी अशीच मागतात. पुढे केलेल्या हातावरची तंबाखू नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं.

मी बाबांना बाजूला घेऊन विचारलं. ते निवांत होते. बिडी सोडली, तंबाखूत कुठं धूर आहे, म्हणाले. डॉक्टरांनी बिडीचं विचारलं, त्यांनी बिडीचं सांगितलं. आमच्या गावात तंबाखूला व्यसन म्हणतच नाहीत. मी चिडले, मग बशीतल्या पेशींची सगळी कथा समजावली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सोडतो," ते म्हणाले. "पन त्याच्या हाताले नाही कसं म्हनू, हे शिकवते का तुही प्रयोगशाळा?"



दुसऱ्या दिवशी काकांनी हात पुढे केला. बाबांनी नकारार्थी मान हलवली. कारण न सांगता टोपी सारखी करत राहिले. काका उठले आणि चालते झाले. त्यानंतर आलेच नाहीत. बाबा रोज ओट्यावर बसून रस्ता बघत. केमोनं जेवण कमी झालंच होतं, आता ताट तसंच परत जाऊ लागलं. मी औषध वाचवायला निघाले आणि माणूस घालवून बसले, असं मला झालं.

शेवटी मी काकांच्या मळ्यात गेले. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"मंग इतके दिवस म्याच त्याच्या औषधाचा गुन मारून राह्यलो होतो काय व?"

माझा जीव कळवळला. पण खोटं बोलवेना आणि खरं ठाऊक नव्हतं. "बशीतलं मला कळतं, काका. बाबांच्या अंगातलं नाही. आता थांबवू, एवढंच."



संध्याकाळी काका ओट्यावर येऊन बसले. इतक्या वर्षांत प्रत्येक गोष्ट तंबाखू मळताना सुरू झालेली. तिच्याशिवाय बोलायचं कसं, ते दोघांनाही येईना. शेवटी काका खाकरले.

"पुंजाजी, म्या बी सोडली."

बाबा असे भडकले, की आजार झाल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "तू काऊन सोडली बे? आता मले वास तरी कोनाचा येईन?"

काकांना हसू फुटलं, मग बाबांनाही. हसता हसता बाबांना खोकल्याची उबळ आली. थांबेचना. काका सरकून जवळ आले आणि त्यांची पाठ चोळत बसले.