बख्मलची उरलेली रोटी

टक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं, घर कसं निवांत होतं, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली रोटी आपसूक हलून भिंतीला लागली. खिडक्या बंद. वाऱ्याचं नाव नाही. पीठ मळता मळता माझे हात थांबले.

ती माझ्या लेकीची, बख्मलची रोटी. घरातलं माणूस लांबच्या वाटेला निघालं की तंदूरमधल्या ताज्या रोटीचा एक घास दातांनी तोडतं, आणि उरलेली आम्ही भिंतीवर टांगतो. परत आल्यावर त्यानंच ती संपवायची. संपवली नाही तर ते माणूस परतलंच नाही, असं सासूबाई म्हणतात. बख्मलचा बाप रशियात बांधकामावर गेलाय, त्याची रोटी शेजारच्या खिळ्यावर अजून आहे. पण तो खरंच तिकडे आहे. बख्मल तर अंगणात करडाशी बोलत बसली होती. सहलीहून येऊन आठवडा झाला तरी रोटीला तिनं हात लावला नव्हता.

सहल सरकारी होती. बस, जेवण, राहणं, सगळं जिल्हा कचेरीच्या पैशानं. शाळेतली पोरं ताश्कंदला जाऊन संग्रहालय बघून आली. तिथं काचेच्या पेटीत एक मूल आहे, हजारो वर्षांपूर्वीचं, आमच्याच गावावरच्या गुहेत सापडलेलं. कुणीतरी त्याला पुरून भोवती रानबोकडाची शिंगं रोवली होती. आमच्या आजोबांच्या लहानपणी शहरातली शिकलेली माणसं आली आणि त्याला घेऊन गेली.

"बख्मल, रोटी खा गं माझी राणी," मी रोज म्हणायची.

"आधी तो खाईल. तो अजून घरी कुठं पोचलाय?"

"कोण?"

"काचेतला. आमच्याबरोबर आलाय ना."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सासूबाईंनी गळ्याशी थू-थू केलं आणि घरभर धुरी फिरवली. मी हसून सोडून दिलं होतं.

आता मी रोटी खाली काढली. एका कडेला बख्मलचा घास होता, इवलासा, पडलेल्या दाताच्या जागी रोटी तशीच राहिलेली. आणि दुसऱ्या कडेला आणखी एक. रुंद, सपाट, जोर लावून तोडलेला.

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "तू या घरात आलीस तेव्हाच माझे दात गेले. दोन्ही दुखणी एकदमच लागली म्हण."

एरवी मी उलट काहीतरी बोलले असते. त्या दिवशी रोटी तशीच पुन्हा खिळ्याला टांगली.

दुपारी शाळेत सभा होती. पुढच्या वर्षी सहलीसाठी पुन्हा अर्ज करायचा, की तेच पैसे शाळेच्या शेगड्यांसाठी मागायचे? मोहल्ल्याचे पुढारी एशमुरादबाबा उठले.

"गुलसाराबाई, तुम्ही पोरांना दिवसभर बसमध्ये कोंबलंत, वाटेत ओकाऱ्या काढवल्यात, आणि दाखवलंत काय? आपल्याच डोंगरातली हाडं! चोरीला गेलेलं गाढव बघायला चोराच्या गोठ्यात तिकीट काढून जायचं, त्यातली गत!"

सगळे खो-खो हसले. गुलसाराबाई पोरांना शिकवतात, त्यांना असल्या हसण्याची सवय आहे.

"हसा, बाबा. पण या पोरांना आता ठाऊक झालंय की या डोंगरात आपल्याआधीही कुणीतरी लेकराला पुरून रडलंय. हे शेगडीत मोजाल?"

"बोटं गोठली की मोजू. नाहीतर आयांनाच विचारा. बोल सूनबाई, तुझी पोरगी काय शिकून आली?"

मी उभी राहिले. मला म्हणायचं होतं, सहल नको आणि शेगडीही नको, माझी पोर गेली होती तशी मला परत द्या. तेवढ्यात दारातून बख्मलच बोलली.

"तिथं रात्री पण दिवा विझवत नाहीत. त्याला झोपच येत नाही."

कुणी हसलं नाही. सहलीला गेलेली बाकीची पोरं भिंतीशी ओळीनं उभी होती. सगळ्यांनी एकदम मान डोलावली.

बाबांनी सभा पुढं ढकलली. बाहेर पडताना गुलसाराबाईंनी माझा दंड धरला.

"येताना मागची सीट रिकामी होती. पाठ टेकावी म्हणून गेले, तर पोरं म्हणाली, बाई, तिथं नका बसू. मला वाटलं, खेळतायत."

"मग?"

"मग गावात उतरल्यावर तुझी बख्मल बसचं दार धरून उभी राहिली गं. कुणीतरी सावकाश उतरत असल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला सासूबाईंकडे दिलं, रोटी रुमालात बांधली आणि बख्मलला घेऊन गुहेची चढण धरली. वर काही नव्हतं. गार सावली, शेळ्यांच्या लेंड्या, जुनं खणलेलं भोक. बख्मलनं रोटी एका दगडावर ठेवली आणि मला हाताला धरून वळवलं.

"बघू नकोस. तो लाजतो."

मी खाली खोऱ्याकडे बघत राहिले. आमचं घर दिसत होतं, तंदूरचा धूर दिसत होता. पाठीमागे वाळलेली रोटी मोडल्याचा आवाज झाला. पुन्हा झाला. मग बराच वेळ काही नाही. माझ्या मानेवरचा घाम गार पडला होता, तरी मी वळले नाही. माझ्या लेकीनं सांगितलं होतं.

"झालं. झोपला," बख्मल म्हणाली.

तिच्या हातात शेवटचा तुकडा होता. माझ्यासमोर उभी राहून तिनं तो खाल्ला, कडाकडा चावून, पडलेल्या दाताची बाजू सांभाळत. कण न् कण. मी तिला उचलून घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला. तिच्या केसांना धुराचा आणि शेळीचा वास होता, आणि अंग उन्हातल्या दगडासारखं ऊबदार. आली. माझी पोर घरी आली.

अर्धा उतार ती माझ्या कडेवरच होती. मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली,

"आई, ती काचेची पेटी तर रिकामी ठेवत नाहीत. मग आता तिथं कोण आहे?"