नात्याचा माणूस बाहेर

खाणीवरच्या शाळेचं गेट तीन वर्षं एका बाजूने लोंबत होतं, आणि ते दिसलं की ठिणगीकाकांचे हात शिवशिवत. वरचं बिजागर तुटलेलं. मशीन आणून दोन टाके मारले असते की विषय संपला असता. पण काका शाळा मंडळाचे अध्यक्ष होते, धंद्याने वेल्डर होते, आणि मंडळावरच्या माणसाने मंडळाच्या शाळेत कसलंही काम करायचं नाही, पैसे घेऊन नाही आणि फुकटही नाही, असा नियम होता. नियम कुणी केला होता? काकांनीच. दुसरा कोण एवढा हौशी असणार!

"अहो, निदान फुकट तरी करू द्या," असं एकदा औषधवाले म्हणाले होते. ते मंडळाचे सदस्य, दुकानात बसून सगळ्या पंचक्रोशीचा खोकला ऐकणारे, मऊ स्वभावाचे.

"फुकट केलं की उपकार होतात," काका कडाडले. "मग त्या उपकाराखाली पोरांनी नाही, मास्तरांनी वाकायचं. नको."

ठिणगी हे नाव त्यांना धंद्यावरून पडलं की स्वभावावरून, यावर लोकांचं एकमत नव्हतं. पण माणूस उगाच तडकणारा नव्हता. आधीच्या अध्यक्षांनी नव्या छताचं काम आपल्या मेहुण्याला दिलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते छत गळालं. जाब विचारायला बैठक बोलावली, तर अध्यक्षांची माणसं हळूच उठून गेली. कोरम मोडला, बैठक बारगळली. पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. पोरं कोपऱ्यात दाटीवाटीने बसून शिकली. म्हणून काका निवडून आल्याबरोबर त्यांनी दोन कलमं ठोकली. ज्याचं नातं किंवा धंदा विषयात अडकलाय त्याने बाहेर जायचं, हे एक. आणि आत जेवढे उरतील, मग ते कितीही असोत, त्यांचा निर्णय तोच मंडळाचा निर्णय, हे दुसरं. आता कुणी उठून गेल्याने काही अडणार नव्हतं. काकांना वाटलं, आपण पक्कं काम केलं.

आणि केलंच होतं. मंडळाच्या सहाही शाळांची छतं आता धड होती, पगार वेळेवर होत होते, वाचनालयात कुलूपबंद कपाटांऐवजी उघडी फळी होती. आसपासच्या भागातली माणसं येऊन विचारत, तुम्ही हे जमवता कसं? काका म्हणत, "भांडून." आणि मिशीत हसत.

पण या वर्षी वरून येणारं अनुदान कापलं गेलं. वरच्या कचेरीने कळवलं, सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी निकालाची शाळा बंद करा, मुलांना मोठ्या शाळेत पाठवा. ठेवायचीच असेल तर बाकीच्या शाळांच्या दुरुस्तीतून पैसे काढा, आणि ते आज संध्याकाळपर्यंत सांगा. नाही सांगितलं तर बंद धरू. सगळ्यात लहान शाळा म्हणजे खाणीवरची. सगळ्यात कमी निकाल तिचाच. आणि तिथल्या एकुलत्या एक बाई म्हणजे काकांची लेक.

ज्या शाळेचा विषय, त्या शाळेतच बैठक, हीसुद्धा काकांचीच खोड. त्यामुळे आज दुपारी पोरं घरी गेल्यावर सगळं मंडळ पहिली-दुसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलं होतं. ट्रकवाल्यांचं पोट बाक आणि फळी यांच्यामध्ये गच्च अडकलं होतं आणि ते हूं की चूं न करता घाम पुसत होते. भिंतीवर पोरांनी लिहिलेली पानं चिकटवलेली होती, खालच्या ओळीची पानं जरा मळलेली, कारण तिथवर सगळ्यांचे हात पोचत.

"पुढचा विषय, या शाळेचं काय करायचं," काका म्हणाले आणि उठले. "मी बाहेर."

"बसा हो खाली," दूधवाल्या मावशी म्हणाल्या. दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या या बाई मंडळात सगळ्यात जुन्या. "सगळ्यांना माहितीये. मी आणि औषधवाले शाळा ठेवा म्हणणार, ट्रकवाले आणि रोखपालसाहेब बंद करा म्हणणार. घोडं तुमच्या मतावर अडलंय. एक दिवस गुंडाळून ठेवा तो नियम. कुण्णी काही म्हणणार नाही."

खरंच कुणी काही म्हणालं नसतं. काकांनी लेकीकडे पाहिलं. ती फळ्याजवळ उभी होती, हाताला खडू लागलेला. या शाळेत ती आठ वर्षं होती. रोज सकाळी खाणकामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांमधून फिरून ती पोरं गोळा करायची, तेव्हा कुठे वर्ग भरायचा. नुसतं एकदा तिने 'बाबा' म्हटलं असतं, तर काका तिथेच बसले असते. नियम गेला असता खड्ड्यात.

"अध्यक्ष," ती म्हणाली, "दार तिकडे आहे."

काका बाहेर पडले. व्हरांड्यात थांबले असते तर खिडकीतून ऐकू आलं असतं, म्हणून सरळ गेटपर्यंत चालत गेले आणि त्या लोंबणाऱ्या गेटाकडे पाठ करून उभे राहिले.  राग आला होता म्हणावं तर तसं नव्हतं.

थोड्या वेळाने दार वाजलं आणि ट्रकवाले बाहेर आले, लालबुंद होऊन.

"काय झालं?"

"मावशींनी काढलं. म्हणे, शाळा बंद झाली तर पोरांना न्यायला गाडी कुणाची लागणार? धंदा अडकलाय, व्हा बाहेर." ट्रकवाल्यांनी पोट चोळलं. "पण मीपण सोडतोय होय! म्हटलं, तुमच्या नणंदेचा नातू दुसरीत आहे ना इथे?"

त्यांचं बोलणं संपायच्या आत मावशी आल्याच, पदर खोचत, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. आणि त्यांच्या मागोमाग औषधवाले, खाली मान घालून.

"तुमचं कोण निघालं इथं?" काकांनी विचारलं.

"इथली मदतनीस माझी मेहुणी," औषधवाले पुटपुटले. "कुणी विचारलं नव्हतं. पण हे दोघं उठल्यावर मला बसवेना."

चौघं गेटपाशी उभे राहिले आणि हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. गावं लहान, लग्नं इथल्या इथे झालेली, प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी होतंच. आत उरले होते फक्त रोखपालसाहेब. बँकेतून निवृत्त झाल्यावर शांत जागा म्हणून इथे घर बांधून राहिलेले, ना सोयरे ना धायरे. बंद करा म्हणणारे. आणि काकांच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे त्यांचा एकट्याचा निर्णय तो मंडळाचा निर्णय.

"अहो, जा की आत," मावशींनी काकांचा हात धरला. "अध्यक्ष आहात. म्हणावं, असा नियम चालत नाही. त्या माणसाला दया ना माया, नुसती बेरीज-वजाबाकी. पोरीची आठ वर्षं मातीत जातील!"

 निकाल कमी लागला होता तो का, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? शेजारच्या भागात परीक्षेच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी राहायला सांगतात, आणि निकाल झळकवतात. लेकीने मात्र सगळी बसवली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खाणीवर आलेली दोन भावंडंसुद्धा. काकांनी जेवताना विचारलं होतं, "कशाला बसवलीस ती?" ती म्हणाली होती, "बाबा, ती माझ्या वर्गात बसतात. मग परीक्षेला का नाही?" काकांनी पुढचा घास घेतला होता. अभिमानाने ऊर भरून आला होता, पण एक शब्द बोलले नव्हते. लेकीचं तोंडावर कौतुक करायची त्यांच्या घराला सवयच नव्हती.

"नाही जायचं," ते म्हणाले. "आज माझ्या पोरीसाठी मोडला, तर उद्या कुणाच्यातरी मेहुण्यासाठी मोडेल. बंद झाली तर झाली." आणि एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, कारण डोळे भरले होते.

सावल्या लांब झाल्या तेव्हा रोखपालसाहेब बाहेर आले. त्यांच्या मागे लेक, वर्गाला कुलूप लावत. साहेब सावकाश चालत आले, चष्मा पुसला, घातला. माणूस आयुष्यभर काउंटरमागे बसलेला, लोकांना थांबवून ठेवायची सवयच होती त्यांना.

"मी बाईंना विचारलं, गणितात मुलं एवढी मागे का? मला वाटलं कारणं सांगतील. आईबाप फिरते आहेत, मुलं नवी आहेत. कारणं होतीही. त्या म्हणाल्या, 'वाचन मला शिकवता येतं. ही भिंतीवरची पानं वाचा, दोन वर्षं टिकलेल्या पोरांची आहेत, मोठ्या शाळेशी ताडून बघा. पण गणित मला तितकं शिकवता येत नाही. त्यात पोरांचा दोष नाही, माझा आहे.'" साहेब थांबले. "अशी कबुली मला आजवर कुणी दिली नव्हती, तीही न मागता."

"मग?" मावशींना धीर निघेना.

"मग म्हणाल्या, 'माझी बदली करा. गणित येणारं माणूस इथे द्या, पण शाळा ठेवा. मी गेले की अध्यक्षांनाही आत बसता येईल.'"

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती कुलूप ओढून बघत होती, लागलंय की नाही ते.

"मी भिंतीवरची सगळी पानं वाचली," साहेब म्हणाले. "म्हणून वेळ लागला. शाळा राहील. बाईही इथेच राहतील. या वर्षी बाकीच्या शाळांची रंगरंगोटी होणार नाही, आणि त्यावरून ओरडा झाला तर तो मी ऐकेन. निर्णय माझा आहे. वरच्या कचेरीला फोन केलाय. आणि गणित शिकवायला आठवड्यातून दोनदा मी येईन. पुढच्या वर्षी निकाल सुधारला नाही, तर मात्र मीच बंद करा म्हणेन."

"कसले म्हणताय!" मावशींनी टाळी वाजवली. "शिकवायला लागलात की तुमचंही नातं जुळलं. पुढच्या वर्षी तुम्हीही आमच्यासोबत गेटावर!"

"मग आत कोण?" ट्रकवाल्यांनी विचारलं, आणि खुद्द साहेबही हसले. गाडीचा ठेका हुकला होता तरी ट्रकवाल्यांचं हसू सगळ्यांत मोठं होतं.

एकेक जण बाहेर पडला. लेकीने रोजच्यासारखं खाली वाकून गेटाला खांदा लावला आणि ते जड धूड वर उचललं. काका न राहवून पुढे झाले.

"हात लावू नका," ती दात आवळून म्हणाली. "अध्यक्ष आहात."

काका होते तिथे थांबले. दोन्ही हात पाठीमागे बांधले. लेकीने गेट सरकवलं, कडी अडकवली, खांदा झटकला. हा नियम आपण केला, पण तो पाळावा कसा हे तिच्याकडून शिकावं, असं त्यांना वाटलं, आणि या वेळी त्यांनी ते आत ठेवलं नाही.

"साहेब," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी मुलगी."

"माहितीये," रोखपालसाहेब म्हणाले. "म्हणूनच तर तुम्ही बाहेर होतात."