निवडलेले तांदूळ

सुशीलाबाईंनी कोनाड्यातली कागदाची पुडी सोडली आणि तिच्यातले खडे ताटातल्या निवडलेल्या तांदळात टाकले. वरून हळूच हात फिरवला. खडे दिसेनासे झाले तसे ताटावर फडके बांधले आणि ते दाराशी नेऊन ठेवले.

ट्रंकेला दोरी आवळणाऱ्या मुकुंदरावांनी चष्म्यावरून हा उद्योग पाहिला.

“अगं, आज तरी राहू दे. उद्या सकाळी गाडी आहे आपली.”

“शेवटचा दिवस आहे. जाऊन येते.”

“या बाईला तांदळाचा नाद आहे की गाण्यांचा, देव जाणे,” मुकुंदराव ट्रंकेला म्हणाले आणि पुन्हा दोरीकडे वळले.

हैदराबाद राज्याची वाटणी व्हायची होती. वर्तमानपत्रांत नकाशे छापून येत होते, पण मलकपेठेतल्या त्या गल्लीला वाटणी कळली ती ट्रंकांवरून. दसरा झाला आणि घरोघरच्या ट्रंका ओट्यावर आल्या. मराठी माणसे मुंबई राज्यात निघाली, कानडी म्हैसूरला. मुकुंदराव महसुलाच्या दफ्तरात होते, त्यांच्या वाट्याला औरंगाबाद आले. दफ्तरातल्या खुर्च्याटेबलांचीसुद्धा वाटणी झाली म्हणे, आणि भांडण लागले ते पंख्यांवरून. मिशनच्या शाळेत सुशीलाबाई मराठी शिकवत. त्यांच्या वर्गात एके काळी मुली बाकांवर दाटीवाटीने बसत, आता प्रत्येकीला अख्खे बाक मिळत होते. पुढच्या वर्षी वर्गच नाही, असे शाळेने सांगून टाकले होते.

सोडून जायचे ठरले की गाव जास्तच गोड लागते. सुशीलाबाईंचे तसेच झाले होते. सकाळी शर्यतीचे घोडे पाठीवर घोंगड्या घेऊन रपेटीला निघत आणि वर्गातली कविता अर्ध्यावर थांबे. रागवायचे सोडून बाईही खिडकीशी जात. त्यांच्याकडून दिवाळीचे अनारसे ज्या ताटलीतून समोरच्या फिलोमिनाकडे जात, तीच ताटली नाताळात तळलेले गोड कुलकुल घेऊन परत येई. रिकामी ताटली परत करायची नाही, हा गल्लीचा कायदा होता आणि तो कुठल्याही सरकारने केलेला नव्हता. आणि संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीतून गाणी येत. लॅटिन गाणी, तेलुगू, कोकणी आणि तमिळ तोंडांतून निघालेली. सुशीलाबाईंना त्यातला शब्द कळत नसे, पण तांदळातली बोटे त्या ठेक्यावर चालत. गाण्यांवर त्यांचा जीव होता आणि गाणी शिकवणाऱ्या माणसावर नजर.

ते ब्रदर ऑस्वाल्ड. मऊ बोलणारे, पायपेटी वाजवावी तर त्यांनीच. खिशात पोरांसाठी पेपरमिंट. अशा माणसाबद्दल वावगे बोलणाऱ्याचीच जीभ झडावी, असे सगळ्यांना वाटे.

चार वर्षांपूर्वी बोर्डिंगातली अन्नम्मा घंटा होऊन गेल्यावरही वर्गात बसून राहिली होती. नलगोंड्याकडची पोर, आईबाप नसलेली, वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणारी. तिने फ्रॉकचे टोक मुठीत धरले होते.

“टीचर, सब गये बाद उनों दरवाजा लगा लेते,” ती म्हणाली. “मेरेकू गाने को नै जाना.”

सुशीलाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि पुढचे विचारले नाही. विचारायची भीती वाटली. तिला बोर्डिंगात पोहोचवून त्या तडक मदरकडे गेल्या. मदर या शाळेच्या आणि बोर्डिंगच्या मुख्य. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतले. मुले काहीबाही कल्पना करतात, त्या म्हणाल्या. ब्रदर देवमाणूस आहेत. तुम्ही आमच्या धर्माच्या नाही, तुमचा गैरसमज होणे साहजिक आहे. मी प्रार्थना करीन. अन्नम्माचे नाव गाण्यातून कमी झाले, आणि त्याहून जास्त काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुशीलाबाई तांदळाचे ताट घेऊन त्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसल्या.

“आमच्या घरात अंधार लवकर पडतो, ब्रदर. इथं तुमच्या दिव्याचा उजेड बरा. दार मात्र उघडं ठेवा हं, नाहीतर खडे दिसत नाहीत.”

बाईमाणसाला नाही कसे म्हणणार? ब्रदर हसले. तेव्हापासून ते दार मिटले नाही. शेवटचे पोर बाहेर पडेपर्यंत बाई उठत नसत. एखाद्याला सूर पक्का करायला मागे ठेवले, तर त्यांचे तांदूळही नेमके तेवढेच उरलेले असत. पण रोज निवडायला एवढे खडे आणायचे कुठून? म्हणून ती पुडी. पोरे त्यांना खडेवाली टीचर म्हणत आणि त्या हसून घेत. मुकुंदरावांनाही त्यांनी खरे सांगितले नव्हते. मिशनची अब्रू, पोरीची अब्रू, आपली नोकरी, सगळे त्या फडक्याखाली झाकून ठेवले होते.

आता उद्या गाडी. पायरीवर कोण बसणार, हा एकच प्रश्न आठवडाभर त्यांच्या डोक्यात होता. शेजारच्या भामाला मूल लहान. दुसऱ्या मराठी बायका कधीच निघून गेलेल्या. राहता राहिली फिलोमिना. तिची दोन पोरे गाण्यात होती खरी, पण ती पडली पक्की भाविक. रोज पहाटे चर्चमध्ये फुले घेऊन जायची, फुलदाण्यांतले पाणी बदलायची, आणि रविवारी ब्रदरना जेवायला बोलवायची. तिला सांगावे तर मैत्री तुटणार, आणि न सांगावे तर पोरे उघड्यावर पडणार.

फिलोमिना दुपारीच आली. हातात नारळ, खण आणि ओंजळभर तांदूळ. इतकी वर्षे समोर राहून ती ओटी भरायला शिकली होती, फक्त कुंकू सुशीलाबाईंनी स्वतःच लावून घ्यायचे.

“बैठो टीचर. गाँव को जानेवाली की ओटी खाली नक्को.”

सुशीलाबाई पाटावर बसल्या, पदर पसरला. फिलोमिनाने नारळ, खण आणि तांदूळ घातले आणि तिचे डोळे भरून आले. आता नाही बोलले तर कधीच नाही, असे वाटून सुशीलाबाईंनी दाराशी ठेवलेले ताट ओढले, कोनाड्यातली रिकामी पुडी घेतली आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवली.

“फिलोमिना, माझं एक काम कर. संध्याकाळी गाणं असतं ना, तिथं पायरीवर हे घेऊन बसत जा. निवडून झाले की खडे या पुडीत ठेव. दुसऱ्या दिवशी परत त्यातच टाकायचे.”

फिलोमिनाने फडके सोडले. बोटाने तांदूळ बाजूला केले, एक खडा उचलला, पुडीकडे पाहिले.

“चार साल यहीच कंकर?” तिने विचारले.

“हेच.”

“और मैं बोलती थी, टीचर को गाना कित्ता पसंद है.” तिने खडा ताटात टाकला. “तुम क्या समझते थे टीचर? फूल का पानी बदलने को इत्ती देर लगती?”

सुशीलाबाईंच्या पदरातला नारळ घरंगळून खाली गेला.

“सुबह चर्च की पूजा में खड़े रहते सो छोरों को उनों पहले झगे पहनाने बुलाते,” फिलोमिना म्हणाली. “मेरा बड़ा एक दिन वापस आया, दो दिन खाना नै खाया. मैं किसकू बोलती? लोगाँ मेरे बच्चे कूच नाम रखते. तो मैं फूल लेके जाके खड़े रहती. सब बच्च्याँ बाहर आये तक.”

“आणि रविवारचं जेवण?”

“मेरे घर में मेरे सामने बैठा रहता ना. उत्ता टैम तो किधर नै जाता.”

समोरासमोरची दारे. एकीने संध्याकाळ राखली, दुसरीने पहाट, आणि दोघी धरून चालल्या की आपण राखतो तेवढाच दिवस असतो. ताटल्यांतून अनारसे गेले, कुलकुल आले, आणि हे एवढे मात्र कुणी कुणाला दिले नाही. सुशीलाबाईंना रडू आले आणि संतापही आला, तो आधी स्वतःचाच.

“दुपारचं काय गं?” त्या म्हणाल्या. “दुपारी कोण होतं?”

फिलोमिनाने मान खाली घातली. ते दोघींनाही ठाऊक नव्हते.

आतल्या खोलीच्या दारात मुकुंदराव उभे होते. केव्हापासून ते कुणास ठाऊक. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि परत न लावताच हातात धरून राहिले.

“उठा,” सुशीलाबाई फिलोमिनाला म्हणाल्या. एकेरीतली फिलोमिना एकदम अहोजाहोवर गेली, ते त्यांच्या ध्यानातही आले नाही. “मदरकडे जाऊ. ओटी तशीच असू दे.”

मदर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर होत्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. फिलोमिना बोलत असताना त्या तिच्या हातांकडे पाहत राहिल्या. शेवटी इंग्रजीत म्हणाल्या,

“मी त्यांची बदली मागून घेते. लांबच्या एखाद्या मिशनमध्ये. सध्या सगळ्यांच्याच बदल्या चालल्या आहेत, कुणाला काही वाटणार नाही.”

“वहाँ भी बच्चे रहते, मदर,” फिलोमिना म्हणाली.

सुशीलाबाईंच्या ओच्यात तांदूळ तसेच होते, ते सांडू नयेत म्हणून त्यांनी पदर घट्ट धरला होता.

“बदली नको. त्यांना मुलांपासून दूर करा, आणि का केलं ते बिशपसाहेबांना सांगा. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही दोघी जातो.”

“चार वर्षांपूर्वी तुम्ही एकट्याच होतात, टीचर,” मदर हळूच म्हणाल्या. “एका माणसाच्या शब्दावर...”

“नाही मदर. एकटी अन्नम्मा होती.”

मदर खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, “उद्या बिशपसाहेबांकडे जाऊ. पण तुमची तर सकाळी गाडी आहे.”

सुशीलाबाई पदरातले तांदूळ सावरत व्हरांडा उतरल्या.

घरी आल्या तर ओट्यावरच्या सामानात काहीतरी कमी वाटले. मुकुंदरावांनी ढिगातून सुशीलाबाईंची वळकटी बाजूला काढून दोरी सोडली होती. दुपारभर खपून मारलेल्या गाठी.

“तबादल्याचा हुकूम माझ्या नावचा आहे,” ते म्हणाले. “तुझ्या नावचा नाही. मी जाऊन हजर होतो, घर बघतो. तू इथलं संपवून ये.”

“आणि तुमचं जेवण?”

“जेवण करून घेईन. तांदळात खडे राहिले तर तुझी आठवण काढीन.” थट्टा करायला गेले, पण जमली नाही. “मला सांगायचं होतंस गं. मीही बसलो असतो पायरीवर.”

गाण्याची वेळ झाली. सुशीलाबाई उठल्या. ताट पाटाशीच राहिले होते, ते त्यांनी ओलांडले आणि तशाच गेल्या. पायरीवर बसल्यावर हातांचे काय करावे ते कळेना, तेव्हा मांडीवर ठेवून दिले. थोड्या वेळाने फिलोमिना आली आणि शेजारी टेकली. तिच्याही हातात फुले नव्हती.

ब्रदर ऑस्वाल्ड दारात आले. मागे पोरे रांगेत उभी होती.

“आज तांदूळ नाहीत, टीचर?” त्यांनी हसून विचारले.

“नाहीत. तांदूळ कधीच निवडून झाले होते,” सुशीलाबाई म्हणाल्या, पोरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. “मी मुलांसाठी बसते. रोज त्यांच्यासाठीच बसत होते. फिलोमिनासुद्धा.”

ब्रदरचे हसू जागच्या जागी राहिले. ते आत गेले, पायपेटीवर बसले, एक सूर धरला आणि सोडला. मग डोके दुखते असे काहीसे म्हणून दुसऱ्या दाराने निघून गेले. पोरांना लवकर सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला, ती उड्या मारत पायऱ्या उतरली. फिलोमिना आपल्या दोघांना घेऊन गेली. मोठ्याचा हात तिने रस्ताभर सोडला नाही.

सुशीलाबाई उठणार तोच बोर्डिंगच्या बाजूने अन्नम्मा येताना दिसली. आता उंच झाली होती, परकर-ओढणीतली. त्या खोलीच्या बाजूला ती चार वर्षांत फिरकली नव्हती. पायऱ्यांपासून थोडी दूरच थांबली.

“टीचर, बच्च्याँ बोल रहे. तुम उनों को मुँह पे बोले?”

“हौ.”

“कल तुम जा रहे ना?”

सुशीलाबाई बाजूला सरकल्या. पायरीवर एका माणसाची जागा झाली.

“अन्नम्मा, उस दिन मैं तेरी बात अद्धीच सुनी. पूरी नै पूछी,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं पोरी. दिल हुआ तो बोल. आज नै तो कल, कल नै तो परसों. मैं इधरीच हूँ.”

अन्नम्माने उघड्या दाराकडे एकदा पाहिले. मग ओढणी सावरून पायरीवर येऊन बसली.