वाटणीची गाडी

सुज्ञ वाचकहो, दोन सख्ख्या भावांमध्ये गंजलेल्या पत्र्यापायी रक्त कसे सांडले, त्याची हकीकत मी आपणांपुढे सादर करीत आहे. ती मन घट्ट करून वाचावी, ही विनंती.

वडिलांच्या पश्चात त्यांची जुनी टॅक्सी दोघा भावांकडे आली. दिवसा थोरला चालवी, रात्री धाकटा. परंतु दुरुस्ती कोणी करायची, यावरून नित्य हमरीतुमरी होई; म्हणून त्यांनी गाडीचीच वाटणी केली. इंजिनासह पुढची चाके थोरल्याची, डिकीसह मागची चाके धाकट्याची. आपापला भाग दोघेही तळहातावरील फोडाप्रमाणे जपत. दारांखालचा मधला पत्रा मात्र कोणाच्याच वाट्याला आला नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत झाली. गंज त्यास आतून पोखरीत राहिला.

एके सकाळी गाडी खाडखाड वाजू लागली.

"तुझी मागची स्प्रिंग गेलीय," थोरला गुरगुरला.

"आवाज पुढून येतोय, दादा. कान तपासून घे."

"थांब, पुराव्यासकट दाखवतो. आणि जॅक मध्येच लावतो. ना तुझ्या भागाला, ना माझ्या. नंतर कटकट नको."

त्याने दाराखाली जॅक लावला, गाडी उचलली, मागचे चाक काढले आणि तो खाली सरपटत शिरला.

"ही बघ, स्प्रिंगचे दोन तुकडे!" खालून आवाज आला. "बाबा असते तर तुला लाथ घालून हाकललं असतं. आयतोबा!"

वडिलांचे नाव निघताच धाकट्याच्या मस्तकात तिडीक गेली.

"लाथ? ही घे लाथ! माझ्याच भागाला मारतोय!"

त्याने मागच्या दारावर सर्व ताकदीनिशी लाथ हाणली. कुजक्या लाकडात खिळा रुतावा तसा जॅक पत्र्यात घुसला. गाडी धाडकन बसली. हाड मोडल्याचा आवाज धाकट्याने स्पष्ट ऐकला, आणि पाठोपाठ किंकाळी.

थोरला मेला तर तो आपल्याच लाथेने मेला, एवढेच धाकट्याला कळत होते. फाटक्या पत्र्यातून जॅक उपसताना त्याचा तळवा उभा चिरला.

"तुझ्या भागाला लाव, गाढवा!" थोरला आतून ओरडला. "तिथं तरी लोखंड उरलं असेल!"

धाकट्याने मागच्या आसाखाली जॅक सरकवला, रक्ताळल्या हातांनी दांडा फिरवला आणि भावास काखेत धरून बाहेर ओढले. गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेस वळला होता.

थोरल्याने श्वास घेतला, जॅकचा दांडा उचलला आणि धाकट्याच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दात जमिनीवर पडले.

धाकटा रक्त थुंकला. "अजून एक मार, दादा."

"आधी दवाखान्यात ने. मग मारतो."

धाकट्याने त्यास पाठुंगळी घेतले व तो रस्त्याकडे धावू लागला. वेदनेने थोरल्याने त्याच्या गळ्याला अशी करकचून मिठी मारली होती की, त्याचा श्वास कोंडत होता. सैल कर, असे तो एकदाही म्हणाला नाही.

आपण ही कथा शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल आपले अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
पॉलिशवाले नाना