मागावरून उतरलेला आस्लाक

सुन्निवाने उभी हयात रेडिओवर लोकांना बोलतं करण्यात घालवली. लेखक, चित्रकार, लाकूड कोरणारे, कुणालाच सोडलं नाही. तिची अट एकच: जिथे काम चालतं तिथेच जाऊन गप्पा मारायच्या. त्यामुळे होडीच्या शेडमध्ये लोकरी मोजे घालून कादंबऱ्या लिहिणारा म्हातारा तिला भेटला, आणि रंग वाळेपर्यंत नवऱ्याशी भांडायचं नाही असा नियम पाळणारी चित्रकार बाईही. आता तो कार्यक्रम बंद होणार होता. साहेबलोकांना म्हणे झटपट काहीतरी हवं होतं. शेवटच्या भागासाठी कुणाकडे जायचं, याचा सुन्निवाला विचारच करावा लागला नाही.

बोर्गहिल्डकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा दोघींच्या केसांत पांढरा केस शोधून सापडला नसता. फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या त्या खाडीच्या, काठचं हेच घर, खिडकीशी हाच माग. "तू हे कुणासाठी विणतेस?" असं सुन्निवाने मोठ्या ऐटीत विचारलं, तर बोर्गहिल्ड म्हणाली, "कॉफी गार होतेय." तेवढ्यात तिचा नवरा आस्लाक मासेमारीहून परतला. दाढीचे खुंट वाढलेले, अंगाला खारट वास. मायक्रोफोनकडे बघत म्हणाला, "याला मासे लागतात का?" त्या भागात विणकामापेक्षा त्याचं हसूच जास्त गेलं. काय दिवस होते ते!

आस्लाक गेला, त्यानंतर बोर्गहिल्डने त्याचा चेहरा विणायला घेतला. तीन हिवाळे विणत होती. डोळे अधू होत चालले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. हा चुकला तर दुसरा विणणं होणार नव्हतं.

असं चित्र मागल्या बाजूने विणायचं असतं. धाग्यांची टोकं विणणारीकडे लोंबतात, आणि सुलटी बाजू मागावरून उतरेपर्यंत धड दिसत नाही. म्हणून उतरवायच्या दिवशी माणसं बोलवायची, वॅफल करायचे, आणि प्रत्येकाने कात्रीने थोडे थोडे उभे धागे कापायचे. आज सुन्निवा होती आणि शेजारचा टोर्लेफ, आस्लाकच्या होडीवरचा जुना सोबती.

"आधी कात्री, मग वॅफल," बोर्गहिल्डने त्याला दटावलं.

"अगं, रिकाम्या पोटी हात थरथरतात माझे."

"भरल्या पोटीही थरथरतात. काप मुकाट्याने."

शेवटचा धागा बोर्गहिल्डने चाचपून कापला. सुन्निवाने आणि टोर्लेफने चित्र खिडकीपाशी धरलं, सुलटी बाजू पुढे करून. तेच डोळे, तेच अर्धवट हसू. पण गळ लागून आस्लाकची डावी भुवई फाटली होती, तिची खूण उजवीवर आली होती. भांगही दुसऱ्या बाजूला. हा आस्लाकचा कुणी भाऊ शोभला असता.

ज्यावर बघून विणायचं तो चित्राचा कागद मागाला पालथा करून लावायचा असतो, म्हणजे सुलट्या बाजूला चित्र बरोबर येतं. शिकायला येणाऱ्या पोरी हे विसरल्या की बोर्गहिल्ड त्यांना फाडून खायची. पण कागद पातळ, रेघा दोन्हीकडून सारख्या दिसणार, आणि तिचे डोळे असे.

टोर्लेफने तोंड उघडलं. सुन्निवाने त्याच्या पायावर पाय दिला.

"बोला की," बोर्गहिल्ड म्हणाली. "मला नुसता तपकिरी ढग दिसतोय. जमलाय का तो?"

"तुला काय वाटतं?" सुन्निवाच्या तोंडून सवयीने गेलं.

"खबरदार मला उलटं विचारलंस तर! जन्मभर विचारत आलीस. आज तू सांग."

मायक्रोफोन चालू होता. खोटं बोलणं सोपं होतं, कुणाला कळणार होतं? पण कार्यक्रम फसला की दुसऱ्या दिवशी फोन करून "काल कंटाळा आणलास" असं तोंडावर सांगणारी ही एकटीच होती. तिच्याशी खोटं बोलायला सुन्निवाची जीभ रेटेना.

"चेहरा त्याचाच आहे," ती म्हणाली. "पण उलटा झालाय गं. खूण दुसऱ्या भुवईवर आलीय."

बोर्गहिल्ड मागासमोरच्या बाकावर बसली. "कागद," ती पुटपुटली. "पालथा करायचा राहिला." "तीन हिवाळे, सुन्निवा. आणि माझ्याकडे तर तो बरोबर बघत होता."

सुन्निवाला बघवेना. पण तिचं ते शेवटचं वाक्य मनात अडकून राहिलं.

"टोर्लेफ, फिरव रे," ती म्हणाली.

मागल्या बाजूला भुवई जागच्या जागी होती. भांगही. फक्त सगळ्या चेहऱ्यावर लोकरीची टोकं उभी होती. सुन्निवाने चित्र बोर्गहिल्डच्या मांडीवर ठेवलं. "इकडून बरोबर आहे तो. थांब, एवढी टोकं कापते—"

बोर्गहिल्डची बोटं भुवईवर गेली, खुणेवर थांबली. मग गालावरून हनुवटीकडे उतरली. राठ टोकं तळहाताला टोचली. ती तिथेच परत परत हात फिरवत राहिली.

"कात्री ठेव खाली," ती म्हणाली. "होडीवरून असाच तर यायचा."

"होडीवर दाढी करायला गोडं पाणी कुठलं मिळायला," टोर्लेफ म्हणाला आणि त्याने जोरात नाक शिंकरलं.

बोर्गहिल्डने वाकून चित्राला गाल टेकवला. मग मान वर केली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

"हीच बाजू बाहेर करून टांगा." मग मायक्रोफोनच्या दिशेने हात हलवत म्हणाली, "आता विचार तुझा तो प्रश्न. कुणासाठी विणतेस म्हणून."

सुन्निवाने मायक्रोफोन बंद केला.

"कॉफी गार होतेय," ती म्हणाली.