बॉनेटखालची वाटणी

धनेश आणि उमेश या दोन चुलतभावांनी एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून घरांची दारं फिरवून घेतली होती. धनेशचं दार उगवतीला, उमेशचं मावळतीला. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या त्या पाड्यात असंही सांगतात, की उमेशचा कोंबडा आधी आरवला तर धनेश सकाळ झाली असं मानायचाच नाही. स्वतःचा कोंबडा आरवेपर्यंत डोळे घट्ट मिटून पडून राहायचा, उन्हं पोटावर आली तरी.

आणि हे सगळं एका गाडीपायी.

गाडी दोन हजार एक सालची होंडा सिटी. व्हीटेक. सरळ चालली तर गरीब, पण पाच हजार आरपीएमच्या वर नेली की अंगात आल्यासारखी घुमायची. डहाणूच्या एका चिकूवाडीवाल्याच्या शेडमध्ये ती उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी उबवायला रवणावर बसत होत्या. दोघा भावांनी निम्मे-निम्मे घालून ती आणली. धनेशचं नाक्यावर वेल्डिंगचं दुकान. पत्रा त्याच्या हाताखाली पापडासारखा वळायचा. उमेश झाई बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. बिघाड तो कानानं ओळखायचा. कागद धनेशच्या नावावर झाले, कारण तो सात महिन्यांनी मोठा. दोन वर्षं दोघांनी जीव लावून गाडी उभी केली. मोकळा सायलेन्सर लावला, मोठा एअर फिल्टर बसवला, गंजलेला तळ नवा घातला.

मग धनेशनं गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापले.

"गाडी कशी रस्त्याला चिकटून चालली पाहिजे," तो म्हणाला.

"चिकटेल," उमेश म्हणाला, "मग रस्ता सोडणार नाही."

दुसऱ्याच दिवशी कासा रोडच्या स्पीडब्रेकरवर इंजिनाखालचा ऑइलचा सम्प फुटला आणि सगळं ऑइल डांबरावर सांडलं.

"तुझ्या कापलेल्या स्प्रिंगनं केलं हे!"

"तू सम्पला खालून जाड पत्रा मारलास म्हणून तो टेकला! माझ्या गाडीला लोंबकळ लावलंस!"

"तुझी गाडी? कधीपासून रे तुझी?"

इथून पुढे पान्हे निघाले. धनेशच्या कपाळाला तीन टाके पडले, उमेशचा एक दात गेला. दात ऑइलमध्ये पडला आणि कुणालाच सापडला नाही.

भांडण गेलं लाहूकाकांकडे. लाहूकाका म्हणजे पाड्यातला शेवटचा शब्द. त्यांनी चाळीस बांधांची भांडणं मिटवली होती आणि एकदाही दिलेला शब्द फिरवला नव्हता. बैलगाडीपलीकडे त्यांनी काही हाकलेलं नव्हतं. ते सिटीभोवती तीन फेऱ्या मारून आले, बॉनेट उघडून आत पाहिलं, पुन्हा धाडकन बंद केलं.

"आपल्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं, असं असतं की नाही?"

"असतं," दोघे म्हणाले.

"तसंच हे. बॉनेट बंद केल्यावर जे दिसतं ते धनेशचं. जे झाकलं जातं ते उमेशचं. झाडवाल्याला झाडापर्यंत जायला वाट असते; तशी उमेशला दर रविवारी सकाळी धनेशच्या अंगणात यायची वाट. धनेशनं अडवायचं नाही. पाणी विचारायचं की नाही, ते त्याचं त्यानं बघावं."

धनेशनं पाणी कधीच विचारलं नाही. उमेश पाण्याची बाटली तर आणायचाच, पण बसायला स्वतःचा पाटही आणायचा, आणि जाताना त्या पाटाखालची मातीसुद्धा झटकून जायचा, या घरचं काही नको म्हणून. धनेशची बायको हर्षदा पहिल्या रविवारी चहा घेऊन बाहेर आली. धनेशनं तो कप तिच्या हातातून घेतला आणि उमेशच्या डोळ्यांदेखत कण्हेरीच्या मुळाशी ओतला.

"झाडाला घातला," तो म्हणाला. "झाडवाला ना तू?"

"घाल घाल," उमेश बॉनेटखालून म्हणाला. "तुझ्या घरचा चहा पिऊन कण्हेरीलासुद्धा विष चढेल."

जाताना उमेशनं रेसची केबल काढली आणि गुंडाळून खिशात घातली. केबल बॉनेटखालची, म्हणजे त्याची. पायाखालचं पेडल धनेशचं. दाबत बस.

म्हणजे सहा दिवस गाडी जागेवर. सातव्या दिवशी उमेश यायचा, पण पेडलला केबल जोडायचा नाही. त्यानं होडीवरचा रेसचा दांडा आणून डाव्या सीटशेजारी बसवला होता आणि केबल त्याला जोडली होती. स्टिअरिंग, ब्रेक, गिअर धनेशच्या हातात, रेस उमेशच्या. चारचाकीत बसून दोघे एकमेकांना ठार मारायचा प्रयत्न करायचे. उधव्याकडच्या वळणावर धनेशनं ब्रेक दाबला की उमेश दांडा पुढे ढकलायचा. उमेशनं रेस सोडली की धनेश असं वळवायचा की उमेशचं डोकं काचेवर आपटावं. पण अशी चालवून गाडी अशी काही वळायला लागली, की वापीकडून आलेली नवी नवी पोरं आपल्या गाड्या बाजूला घेऊन बघत राहायची. एकदा म्हणे त्या वळणावर चारही चाकं जमिनीवरून उठली, गाडीखालून एक कोंबडी आरामात रस्ता ओलांडून गेली, आणि मगच चाकं टेकली. कोंबडीवाली बाई अजून आहे, विचारा.

धनेशला मात्र ते कौतुक डाचायचं. लोक म्हणायचे, "काय इंजिन आहे!" गाडी काय आहे, असं कुणी म्हणत नव्हतं. तळ त्यानं उताणं झोपून, तोंडावर ठिणग्या झेलून घातला होता. त्याला गाडी अख्खी पाहिजे होती. एकट्याची. आणि यंदा पासिंग होतं. मागच्या पासिंगची पाच वर्षं संपत आली होती. या वेळी आरटीओच्या मैदानावर मालक म्हणून एकट्यानं उतरायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

एके दिवशी नाक्यावर बोर्ड बनवणाऱ्याच्या दुकानात त्याला काचेसारखं आरपार दिसणारं प्लास्टिक दिसलं. तो तिथेच उभ्या उभ्या हसायला लागला. चार दिवसांत त्यानं लोखंडी चौकट केली, तिच्यात ते प्लास्टिक बसवलं, कंपनीचं बॉनेट काढून भंगारवाल्याच्या टेम्पोत फेकलं आणि नवं चढवलं. रविवारी उमेश यायच्या आधी लाहूकाकांना आणून उभं केलं.

"काका, बॉनेट बंद आहे?"

लाहूकाकांनी हात फिरवून पाहिला. "बंद आहे."

"काय दिसतं?"

लाहूकाका वाकले. त्यांनी प्लास्टिकला नाक लावून आत पाहिलं.

"सगळं दिसतं," ते शेवटी म्हणाले.

तेवढ्यात पाट काखेत मारून उमेश आला. त्यानं गाडी पाहिली, काका पाहिले, धनेशचे दात पाहिले.

"काका, ही हरामखोरी आहे!"

"आहे," लाहूकाका म्हणाले. "पण शब्द माझा आहे. आज हा फिरवला तर उद्या चाळीस बांध उठून माझ्या दारात येतील. इंजिन धनेशचं."

उमेशनं खिशातली केबल काढली आणि गाडीच्या टपावर फेकली. "घे. इंजिन तुझं झालं. कान कुठून आणशील?"

"नीघ. वाट बंद झाली तुझी."

गाडी अख्खी झाली. धनेशनं केबल पेडलला जोडली, दांडा उपटून फेकला, आणि चालू केली. गाडी उचकी लागल्यासारखी चालली. स्क्रू पिळला तर उचक्या वाढल्या. उलटा पिळला तर बंद पडली. प्लग बदलले, फिल्टर धुतला. हर्षदा ओट्यावरून बघत होती.

"उमेशभावोजींना विचारा ना."

"त्यापेक्षा बैल जुंपीन."

"बैल तरी तुमचं ऐकेल का?" म्हणून ती आत गेली.

पासिंगच्या दिवशी गाडी उचक्या देत मैदानात शिरली. वाटेत उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं प्लास्टिक मध्ये लोंबलं होतं, खोलगट परातीसारखं. साहेबांनी चेसिस नंबर जुळवला, इंजिन नंबर जुळवला, मग पेनाच्या टोकानं बॉनेटवर टकटक केलं.

"हे काय आहे?"

"बॉनेट, साहेब."

"हे बॉनेट? मत्स्यालय वाटतंय. कंपनीचं पत्र्याचं लावून आणा. सात दिवस देतो. नाही आणलंत तर नोंदणी संपली, गाडी थेट भंगारात."

धनेश तसाच वापीच्या भंगार बाजारात गेला. पंचवीस वर्षांच्या गाडीचं बॉनेट? दुकानदार हसले. मग त्यानं स्वतः पत्रा वळवायला घेतला. पत्रा पहिल्यांदाच त्याच्यावर उलटला. चार दिवसांत तयार झालं ते पाण्याच्या टाकीचं झाकण. लॉक लागेना, लागलं तर निघेना. पाचव्या दिवशी तो आपल्या भंगारवाल्याकडे गेला.

"तुमचं बॉनेट? ते काका आले होते त्या रविवारी संध्याकाळीच गेलं. उमेशभाऊंनी नेलं. झाईला."

पाड्यात उमेशच्या दारात उभं राहणं म्हणजे सगळ्या पाड्याच्या दारात उभं राहणं. म्हणून धनेश झाईला गेला. बंदरावर उमेशच्या शेडबाहेर सिटीचं बॉनेट उताणं टाकलेलं होतं आणि त्यात जवळा वाळत होता. माशा घोंगावत होत्या. उमेश होडीच्या इंजिनातून डोकं न काढता म्हणाला, "दोन दिवस उशीर केलास. मी तर तिसऱ्या दिवशी येशील म्हणून अंघोळ करून बसलो होतो."

"विकत देतोस?"

"नाही."

"मग जवळा वाळवायला ठेवलंस?"

"लावून देतो. माझ्या हातानं. पण बॉनेट माझं राहील. आणि ते बंद झालं की काय झाकलं जातं, तुला ठाऊक आहे. काकांचा शब्द अजून आहे ना जिवंत?"

धनेशच्या कानशिलातली शीर उडायला लागली. "त्यापेक्षा गाडी भंगारात गेलेली बरी."

"मग जाऊ दे. अख्खी जाईल. तुझीच अख्खी. दाबणारं यंत्र विचारणार नाही, तळ कुणी घातला आणि इंजिन कुणी बांधलं."

धनेश वळला. मोटरसायकलपर्यंत गेला. किक मारली नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तो तळ होता, उताणं झोपून घातलेला, आणि त्याच्यावर येणारा दाबणीचा लोखंडी पाट. तो उभा राहिला, थुंकला, आणि परत आला.

"जवळा काढ त्यातला," तो म्हणाला.

"तूच काढ. हात दुखतात माझे."

धनेशनं जवळा ओंजळीनं काढला. एक ओंजळ मुद्दाम वाळूत टाकली. उमेशनं ते पाहिलं. मग हाताला होती तेवढी ओली ग्रीस धनेशच्या मोटरसायकलच्या सीटला पुसली.

सातव्या दिवशी सकाळी बॉनेट चढलं. लाहूकाकांनी ते बंद करून पाहिलं, "झाकलं," म्हणाले आणि घरी गेले. उमेश वाकला, एक पाइप दाबला, एक स्क्रू अर्धा वेढा फिरवला. उचकी थांबली. इंजिन असं निवांत चालायला लागलं, की टपावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललं नाही. धनेशनं तो आवाज ऐकला, आणि उमेशचा त्याला इतका राग त्या पान्ह्याच्या दिवशीसुद्धा आला नव्हता.

पासिंगसाठी एका दिवसापुरती केबल पेडलला जोडली. साहेबांनी नंबर जुळवले, बॉनेट वाजवलं, नाक मुरडलं.

"वास कसला येतोय?"

"इंजिनचा, साहेब," धनेश म्हणाला.

"बॉडीचा, साहेब," उमेश म्हणाला.

साहेबांनी नाकाला रुमाल लावून पाच वर्षांची सही केली.

मैदानाबाहेर येताच उमेशनं गाडी थांबवायला लावली, डिकीत टाकून आणलेला होडीचा दांडा परत सीटशेजारी बसवला आणि केबल पुन्हा त्याला जोडली. बॉनेटखाली अजून काहीतरी खुटखुट केलं. मग निघाले. महामार्ग सोडून आत वळल्यावर रस्त्यात मधोमध एक म्हैस उभी होती. धनेशनं हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला.

"हॉर्नला काय झालं?"

"काही नाही. वायर काढली. हॉर्न बॉनेटखाली असतो."

"म्हणजे?"

"माझा. वाजवायचा असेल तर विचारायचं."

"बटण माझं आहे!"

"दाब ना मग बटण. मी अडवलंय?"

धनेशनं हात छातीवर बांधले. उमेशनंही बांधले. म्हैस रवंथ करत उभी राहिली. मागे एक टेम्पो आला, त्याच्यामागे एसटी, मग ट्रॅक्टर, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवायला लागले. टेम्पोवाला उतरून खिडकीशी आला.

"अरे, गाडी कोणाची आहे ही? काढा ना!"

"याला विचार," दोघेही म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.