थरथरता उजवा हात

मी एक जुनी हातमोजा बाहुली आहे. डोकं कागदाच्या लगद्याचं, केस पांढऱ्या लोकरीचे, अंगात विटका झगा. मित्रांनो, आत कुणी हात घातल्याशिवाय आम्ही नुसत्या चिंध्या असतो.

माझा धनी बाहुल्यांचे खेळ करायचा. कायमची नोकरी नव्हती; बोलावणं येईल तिथे जायचं. नजर मात्र घारीची. दोरा ओवताना शिंप्याची बाहेर येणारी जीभ, मेहुणीचं नाक मुरडणं, सगळं त्याच्या बोटांतून आमच्यात उतरायचं. "याच्यासमोर शिंकायचीही चोरी!" असं शेजारी म्हणत, आणि खेळाला पुढच्या रांगेत बसत.

एकदा एका शाळेतल्या खेळात मला आजीबाई व्हायचं होतं. घरी सराव करताना काही केल्या जमेना. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. बशीत कप किणकिणला. तो टक लावून बघू लागला.

"परत उचल गं जरा."

तिनं उचलला.

"अजून एकदा. सावकाश."

ती चक्क लाजली. कित्येक वर्षांनी नवऱ्याचं लक्ष गेलं होतं. "अहो, एवढं काही नाही. जाईल आपोआप."

त्याचा अंगठा माझ्या बाहीत हलत होता.

खेळात माझा हात थरथरला, चहा सांडला, पोरं हसून गडाबडा लोळली. त्यांची मुलगी आईला कोपरानं ढोसत सगळ्यात मोठ्यानं हसली. आईही हसली. मग तिनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून चहा पिऊ लागली. मला मात्र गावोगाव वाहवा मिळत होती.

तिचा हात लुळा पडला, तेव्हा मुलीनं तिला डॉक्टरांकडे नेलं. धनी खेळ आटोपून थेट तिथे आला.

"आधी थरथर कशी होती?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यानं पिशवीतून मला काढलं आणि करून दाखवलं. आधी अंगठा, मग मनगट. कप ओठांपाशी आला की जास्त.

"वा, इतकं बारीक पाहिलंत! मग यांना आणलं का नाही?"

तो मला पिशवीत ठेवू लागला. बायकोच म्हणाली, "कामात होते हो ते."

पुढे ती वारली. मुलगी मला धन्याकडून मागून आपल्या घरी घेऊन आली. कधी कधी माझ्या आत हात घालून बसते; काही करत नाही.

मित्रांनो, माणसांकडे खुशाल बघा, नकलाही करा. पण कुणाचा हात थरथरताना दिसला, तर आधी तो हातात घ्या.